पान भरलं की मधमाशी

४ फेब्रुवारी

आजपासून मी मास्तरीण. सत्तावीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढला. डिसेंबरात प्रयोगशाळेला कुलूप लागलं, नमुने आता राजधानीला जातात, आणि मी, इंजिनिअर रोसाउरा लागुनेस, वय अठ्ठावन्न, गावच्या तांत्रिक विद्यालयात शेवटच्या वर्षाला कॅलक्युलस शिकवायला उभी राहिले. आधीचे मास्तर सत्र सुरू व्हायच्या आधीच बदली घेऊन पळाले. का पळाले ते मला पहिल्या तासाला कळलं.

अडतीस पोरं. बसल्याबसल्या दहा साधी गणितं घातली, सहावी-सातवीची. एक छेद दोन अधिक एक छेद तीन? अडतीसपैकी एकतीस जणांनी लिहिलं, दोन छेद पाच. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. म्हणजे अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला की भाकरी अर्धीपेक्षा कमी होते. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग त्यांच्या जुन्या वह्या मागवल्या. माध्यमिक शाळेपासूनच्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत, प्लॅस्टिकचं कव्हर घालून, तांबड्या रेघेचा समास आखून. पानोपानी मधमाशीचा शिक्का, खाली ‘शाब्बास’. हे दोन छेद पाच तिथेही आहे, चार वर्षांपूर्वीचं, आणि त्याच्या डोक्यावर मधमाशी बसली आहे. मळी सडल्यावर येतो तो वास एकदम नाकात आल्यासारखं झालं. मी वही मिटली.

ती वही वर्गातल्या पहिल्या नंबराची होती, नेरेइदा उस्कांगा. सरासरी नऊ पूर्णांक सात. तिला केमिकल इंजिनिअर व्हायचंय.

५ फेब्रुवारी

शिक्का माझ्या सख्ख्या बहिणीचा. ओब्दुलिया, गावाची दुलीबाई, एकतीस वर्षं माध्यमिकला गणित शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. ही पोरं तिची शेवटची तुकडी. कारखान्याची खोली सोडावी लागली म्हणून जानेवारीपासून मी तिच्याच घरी राहते, त्यामुळे बोलणं जेवणाच्या टेबलावरच झालं.

नेरेइदाची वही तिच्यापुढे उघडून ठेवली. “हे बघ. हे तू तपासलंस.”

तिने वहीवरून हात फिरवला, मान वळवून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, “पान भरलेलं आहे. कष्टाळू पोरगी होती.”

“अगं, उत्तर बघ ना!”

“जेव आता. भात गार होतोय.”

बोलताना माझ्याकडे बघत नाही. सरळ नजरेला नजर देतच नाही ती हल्ली, कायम तिरकी, जणू माझ्या कानाशी बोलते आहे. गुन्हेगार माणसं अशीच बघतात.

१२ फेब्रुवारी

त्यांना डेरिव्हेटिव्ह ‘येतं’! घातांक खाली आण, त्यातून एक वजा कर. पोपटपंची. एक्सचा पाचवा घात दिला, सगळ्यांचं बरोबर. एक्सचा दोन छेद तीन घात दिला, तर दोन छेद तीन वजा एक किती, तर म्हणे एक छेद दोन. दोनातून एक गेला एक, तीनातून एक गेला दोन. कॅलक्युलसला माझ्या वर्गात काही झालेलं नाही, ते ठणठणीत आहे. मेलाय तो अपूर्णांक, आणि त्याच्या मढ्यावर ही पोरं माडी बांधताहेत.

भौतिकशास्त्राचे मास्तरही रडतात. मी त्यांच्या तासाला जाऊन विचारलं, शंभर किलो रस, ब्रिक्स पंधरा, तर त्यात साखर किती? शंभरात पंधरा! हिल्दार्दो नावाचा एक वाचाळ आहे, तो म्हणाला, “इंजिनिअरबाई, सूत्र कुठलं ते सांगा, मग लगेच काढतो.”

वर तास संपताना विचारतो, “वहीला कव्हर आहे, त्याचा अर्धा गुण ना? आधीचे सर द्यायचे.”

“कव्हरला देते. तुला नाही.”

पोरं हसली. मला हसू आलं नाही.

३ मार्च

पहिली चाचणी. नेरेइदाला दहापैकी चार. दुसऱ्या कुणाला त्याहून जास्त नाहीत.

गुण लावले आणि बॉम्ब पडला. जिल्ह्याच्या तंत्र संस्थेत गणिताला नऊच्या वर सरासरी असलेल्यांना थेट प्रवेश मिळतो, परीक्षा नाही. माझ्या चारामुळे नेरेइदा नऊच्या खाली घसरते. म्हणजे आता तिला २३ मेची प्रवेश परीक्षा द्यावी लागणार, आणि ती परीक्षा सध्या तिला झेपणारी नाही.

संध्याकाळी तिची आई आली, क्रिसान्ताबाई. बसथांब्यावर पिकादा, मक्याच्या छोट्या जाड भाकऱ्या, विकते. पानात गुंडाळून सहा गरम पिकादा आणल्या होत्या, वर लाल चटणी, चीज.

“हे घेऊन जा,” मी म्हटलं. “मी अशी विकली जात नाही.”

“विकत घ्यायला नाही आले, इंजिनिअरबाई. विचारायला आले. मला वाचता येत नाही. पण मी रोज तिची वही उघडून मधमाश्या मोजायचे. तीन वर्षांत चारशे बारा. एवढ्या सगळ्या खोट्या?”

मी म्हटलं, खोट्या. ती पिकादा तिथेच ठेवून गेली. दुलीने त्या खाल्ल्या नाहीत, मीही नाही. सकाळी मुंग्या लागल्या होत्या.

५ मार्च

प्राचार्य फिदेन्सियो कोबोस यांनी बोलावलं. टेबलावर पंखा फक्त त्यांच्याकडे तोंड करून.

“इंजिनिअर, पोरगी गुणी आहे. असं करू. वर्गाला रंगाचे दोन डबे आणून भिंती रंगवल्या, दोन गुण. जत्रेची तिकिटं खपवली, दोन गुण. वही स्वच्छ, एक गुण. चार न् पाच?”

“नऊ. बेरीज तरी येते तुम्हाला.”

“इथे सगळे असंच करतात हो. पोरांचं भलं होतं.”

“भलं! उद्या बॉयलरशी उभी राहील, आणि दाब किती वाढला ते काढताना दोन छेद पाच लिहील. मग तिच्या अंगावर तुमचा रंग ओतणार का?”

ते म्हणाले, तुमची जीभ कारखान्यात शोभत होती. मी चाराचे पाच केले नाहीत. शाळेच्या दारातून बाहेर पडले तर पेटवलेल्या उसाच्या फडातली काळी राख कपड्यांवर पडत होती, तीही मला त्या कचेरीपेक्षा स्वच्छ वाटली.

११ मार्च

भर बाजारात दुली माझ्या समोरून गेली. टोमॅटोच्या पाटीपाशी, दोन हातांवर. मी हसले. ती तशीच पुढे गेली, मान ताठ. हाक मारायची माझीही इच्छा नव्हती. गाव म्हणतंच की निवृत्त झाल्यापासून दुलीबाईंना मोठेपणा चढलाय, रस्त्यात कुणाला ओळख देत नाहीत. मी चूक दाखवली, त्याचा राग दिसतोय.

घरी कॉफी ओतताना कपात बोट बुडवून बघते किती भरला ते. म्हटलं, “शी, काय घाणेरडी सवय ही!” तर म्हणे, “माझाच कप आहे.”

२६ मार्च

दोन गोष्टी. एक, फडताळातले गुळाचे चार सुळके आठवड्यात संपले. दुलीला म्हटलं, मधुमेह ओढवून घेशील. ती म्हणाली, आणखी आण. अंगणात खुर्च्याही रोज नव्याच जागी असतात. म्हातारपण.

दुसरी, वर्गात सहा पोरं सुधारली आहेत, नेरेइदा आणि हिल्दार्दो त्यांत. लसावि काढतात! माझ्या कडकपणाला फळ आलं म्हणायचं. अशा पोरांना गोंजारून काही होत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.

पण एक नवीनच घाण सवय लागली आहे त्यांना. गणित करताना तोंडाने पुटपुटतात. “छेद दोन, छेद तीन, दोघांना चालेल असा सहा. अर्धा म्हणजे सहातले तीन, एक तृतीयांश म्हणजे सहातले दोन, तीन न् दोन पाच, पाच छेद सहा.” सहा तोंडं एकदम. वर्ग नाही, माशांचा बाजार.

२१ एप्रिल

ईस्टरच्या सुट्टीनंतर दुसरी चाचणी. नेरेइदाचे ओठ हलायला लागले तशी मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. “तोंड बंद. परीक्षा आहे.” तिने ओठ मिटले. थोड्या वेळाने पुन्हा हलले. तिला उठवून कोपऱ्यात बसवलं. तिथे तिचा हातच थांबला. पेन्सिल कागदावर टेकवून ती तशीच बसली, डोळ्यांत पाणी.

पुटपुटत सोडवलेली पहिली चार बरोबर. गप्प बसून सोडवलेल्या सहांतली दोन. दहापैकी सहा.

तोंड बंद केलं की डोकं बंद. असलं कसलं शिक्षण आहे हे? कुणी शिकवलं?

३० एप्रिल

कुणी शिकवलं ते कळलं.

शिक्षकांची सभा रद्द झाली म्हणून चारला घरी आले. अंगणात सहा खुर्च्या, सहा पोरं, मध्ये दुली. तिच्या हातात सुरी आणि पुढे गुळाचा सुळका. डोळे मिटलेले. नेरेइदा बोलत होती, “एक्सचा घात दोन तृतीयांश. खाली आणला. आता दोन तृतीयांशातून एक वजा. एक म्हणजे तीन तृतीयांश.”

दुलीने बोटांनी चाचपून गुळाचे दोन तुकडे उचलले. “माझ्याकडे एवढा आहे. द्यायचाय अख्खा सुळका. मग?”

“एक तृतीयांश कमी पडतो. वजा एक छेद तीन.”

“कमी पडतो. शाब्बास. पुढची पायरी, हिल्दार्दो. मोठ्याने, मनात नको. मनातलं मला ऐकू येत नाही.”

मी फाटक आपटलं. पोरं उभी राहिली. माझ्या पाठीमागे, मी राहते त्याच घरात, माझ्याच विद्यार्थ्यांना! जिने हे सगळं नासवलं तीच आता गुपचूप गूळ वाटते आहे! जे तोंडाला आलं ते बोलले. शेवटी म्हटलं, “एवढं येत होतं तर तेव्हा का नाही शिकवलंस? त्या चारशे मधमाश्या का उठवल्यास?”

दुलीने मान वळवली, माझ्या कानाकडे. “कारण मला दिसत नाही, रोसाउरा.”

“काय दिसत नाही?”

“समोरचं. सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, मधलं जातं, कडेचं राहतं. तुझं तोंड मी सहा वर्षांत पाहिलेलं नाही. कान तेवढे दिसतात, आईचेच आहेत.” ती हसली, मला तिला थोबाडावंसं वाटलं. “पूर्ण पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं, अर्ध्या पेन्शनवर. फळ्यावर शिकवता यायचं, ते पाठ होतं. वह्या तपासता येईनात. पान काळं दिसलं की शिक्का मारायचा, पांढरं दिसलं की नाही.”

“आणि पोरांना कळलं नाही?”

नेरेइदा म्हणाली, “कळलं होतं, इंजिनिअरबाई. पहिल्याच वर्षी. आम्ही काहीही लिहायचो. गाणी लिहायचो. हिल्दार्दोने एकदा अख्ख्या पानावर फुटबॉलच्या संघाची नावं लिहिली, त्यावर पण मधमाशी बसली. आम्ही मधल्या सुट्टीत हसायचो.”

हिल्दार्दो खाली बघत होता. दुलीलाही हे नवीन असावं, कारण तिच्या हातातली सुरी थांबली.

शिसारी. दुसरा शब्द नाही. आंधळेपण लपवून पगार घेणारी मास्तरीण, आंधळीला फसवून दहा गुण मिळवणारी पोरं, आणि दोघांनी मिळून त्या पिकादावालीला मोजायला लावलेल्या मधमाश्या. मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावलं.

७ मे

पोरं रोज चारला येतात. मी दार लावून बसते. तरी खिडकीतून ऐकू येतं. खरं लिहायचं तर दुली माझ्यापेक्षा बरं शिकवते. तिला दिसत नाही म्हणून पोराला प्रत्येक पायरी शब्दांत मांडावी लागते, आणि शब्दांत मांडताना खोटी पायरी अडखळते. दुली तिथेच पकडते. “थांब. आवाज का बदलला?”

काल जेवताना ती म्हणाली, “नेरेइदाला आता सगळं येतं. पण बोलल्याशिवाय येत नाही. परीक्षेत बोलता येणार नाही. ते बोलणं आत कसं न्यायचं, कागदावर कसं उतरवायचं, हे मला शिकवता येत नाही, मला कागद दिसत नाही. तू पंधरा दिवस बस तिच्याजवळ.”

“तुझी घाण तू निस्तर,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “ही पोरगी तंत्र संस्थेत गेली तर मला कुणाच्या तोंडाकडे बघता येईल.” नंतर स्वतःच म्हणाली, “म्हणजे, आपलं बोलायचं म्हणून.”

मी ताट उचलून आत गेले.

२३ मे

आज परीक्षा. दुली पहाटेच उठली होती. मी काही विचारलं नाही. दुपारी हिल्दार्दो फाटकात येऊन सांगून गेला. पर्यवेक्षकाने नेरेइदाला दोनदा उठवलं, शेजारच्याला उत्तरं सांगते म्हणून. तिसऱ्यांदा उठवलं तर पेपर काढून घेईन म्हणाला. शेवटची पस्तीस मिनिटं ती डाव्या हाताने तोंड दाबून बसली होती.

“आणि उजव्या हाताने?” मी विचारलं.

“ते दिसलं नाही, इंजिनिअरबाई. मी पुढे होतो, वळून तेवढंच दिसलं.”

१४ जून

दुली सकाळपासून अंगणात बसली होती, निळा झगा घालून, केस विंचरून. निकाल दहाला लागणार होता.

नेरेइदा अकराला आली. हातात छापून आणलेला कागद. दारातच तिने तो माझ्या हातात दिला. अडुसष्ट. प्रवेशाला सत्तर लागत होते. खाली गणिताचे गुण फोडून दिले होते. सोडवलेलं जवळपास सगळं बरोबर, शेवटचे पाच प्रश्न कोरे. पस्तीस मिनिटं, पाच प्रश्न. ते पाच तिला येत होते. सात मे ते तेवीस मे, सोळा दिवस मी दार लावून बसले होते.

“नेरेइदा आली ना?” दुलीने अंगणातून विचारलं. ती उठून उभी राहिली होती, खुर्चीची पाठ धरून. “रोसाउरा, तूच वाच. मला वाचून दाखव.”

तिचं तोंड बघवेना. काय झालं मला माहीत नाही. आयुष्यात एका नमुन्याचा एक आकडा मी बदललेला नाही, कारखान्याच्या मॅनेजरने पाया पडून मागितला तरी नाही. मी कागद समोर धरला आणि वाचलं, “उस्कांगा, नेरेइदा. एकूण गुण, बहात्तर. प्रवेश पात्र.”

दुलीने छातीवर क्रूस काढला. तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. “बहात्तर,” ती म्हणाली. “बहात्तर गं.” ती शेजारणीला हाक मारायला भिंतीकडे वळली.

“नाही बाई,” नेरेइदा म्हणाली. “खोटं आहे ते.”

दुली थांबली.

नेरेइदा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. “तुम्ही पण, इंजिनिअरबाई?”

मला माझीच किळस आली. इतरांची येते तेव्हा निदान नाक मुरडून बाजूला होता येतं. इथे कुठे जाणार? तिने माझ्या हातातला कागद घेतला आणि दुलीच्या जवळ जाऊन पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. नाव, आसन क्रमांक, भाषा, विज्ञान, गणित, कोरे सोडलेले पाच प्रश्न त्यांच्या क्रमांकांसह, एकूण अडुसष्ट, अपात्र. आवाज कुठेही बदलला नाही.

दुलीने डोळे पुसले. “दोन कमी,” ती म्हणाली.

“दोन कमी. परीक्षेची दुसरी फेरी ९ ऑगस्टला आहे. पंधरा जागा उरल्यात.” नेरेइदाने कागदाची घडी केली. “आईला अजून सांगितलं नाही. आधी इथे आले. रोज किती वाजता येऊ?”

हे तिने दुलीला नाही, मला विचारलं. दुलीही मान वळवून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

“दुपारी जेवून ये,” मी म्हटलं. “तीनला. आणि वही कोरी आण.”